इटलीत राहिलेले थोरले काका

माझ्या थोरल्या काकीला बर्फाचा नाद होता. खायचा नाही, बघायचा. मरोळच्या बाजारात कोळणी भुशातली बर्फाची लादी काढून फोडायला बसल्या, की ही पिशवी माझ्या हातात देऊन तिथेच उभी राहायची. एकदा तर सरळ वाकली आणि लादीवर तळहात ठेवला. कोळीण म्हणाली, "अगो हात सुजेल, काढ." काकी काढेना. बाजार राहिला बाजूला, ही डोळे मिटून उभी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेव्हा मी विशीत होते, साकीनाक्याला रेडिओचे भाग जोडायच्या एका कारखान्यात कामाला होते, आणि चार लोकांत आपल्या घरच्या बाईनं असं काही केलं की माझं डोकं फिरायचं. परत येताना तिनं ओला हात पदराला पुसला आणि म्हणाली, "इतक्या थंडीत माणूस झोपलो तर तेका कळूचा पण नाय."

माझे थोरले काका, म्हणजे बाबांचे सगळ्यात मोठे भाऊ, इंग्रजांच्या फौजेतून इटलीला लढायला गेले होते. तिथे एका नदीवर, गोळ्या चालू असताना, त्यांनी जखमी साथीदारांना ओढून ओढून अलीकडच्या काठाला आणलं. त्याचं त्यांना शौर्यपदक मिळालं. त्यानंतरच्या हिवाळ्यात एका सकाळी ते टेहळणीला म्हणून गेले आणि परत आलेच नाहीत. शेजारच्या गावचा एक जण त्यांच्याच पलटणीत होता. लढाई संपल्यावर तो आमच्या गावी आला, ओटीवर बसला आणि काकीला सांगून गेला, की बर्फात त्यांची पावलं उमटली होती, आम्ही मागावर गेलो, पण वरून नवीन बर्फ पडला आणि पावलं बुजली. एवढंच. काकी तेव्हा सतरा-अठरा वर्षांची असेल. कोकणातल्या पोरीनं बर्फ कुठे बघितलेला? पावलं बुजवणारी ती पांढरी गोष्ट कशी असते, ह्याचा विचार ती म्हातारी होईपर्यंत करत राहिली.

सरकारनं 'बेपत्ता' असं कळवलं आणि मोकळं झालं. पदक मात्र घरी आलं. काकीनं ते देव्हाऱ्यात ठेवलं, आणि दर सणाला देवांबरोबर चिंच-राखेनं तेही घासून काढलं. इतकं घासलं, की पदकावरच्या इंग्रज राजाचं नाक झिजलं आणि कडेला कोरलेली अक्षरं पार पुसून गेली. बाबा कुरकुरायचे, "वहिनी, पदक आहे ते, पाण्याचा तांब्या नाही." ती म्हणायची, "काळा पडला तर ते इल्यावर काय म्हणतले?"

ते इल्यावर. ते आल्यावर. आमच्या घरात हे दोन शब्द मीठमिरचीसारखे रोजच्या जेवणातले होते. फणसाची साठं वाळली की ते इल्यावर, घराला रंग द्यायचा तो ते इल्यावर. काकी कुंकू लावायची, ठसठशीत, लांबून दिसेल असं. गळ्यात मंगळसूत्र, हातात हिरवा चुडा. गावात बायका तोंडावर काही बोलायच्या नाहीत, पाणवठ्यावर बोलायच्या. कुणी फारच धीट निघाली तर काकीचं उत्तर ठरलेलं असायचं. "ते गेले हत, मेले नाय."

तिला मूल नव्हतं. लग्नानंतर काका घरी राहिले ते एक गणपती आणि एक शिमगा. बाबा तेव्हा शेंबडं पोर होते. त्यांना तिनंच वाढवलं, त्यांचं लग्न तिनंच लावून दिलं, आणि बाबा मुंबईला गिरणीत लागले तेव्हा त्यांच्या पाठोपाठ तीही आली. माझ्या वेण्यासुद्धा तिनंच घातल्या. आईला मी 'ए आई' म्हणायचे आणि काकीला नुसतं 'ए'.

गिरण्यांचा संप झाला आणि बाबांची गिरणी काही परत उघडली नाही. ते मरोळच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यावर वॉचमन म्हणून लागले. आम्ही लालबाग सोडलं आणि मरोळ गावठाणात दोन खोल्यांत भाड्यानं राहायला आलो. घरमालकीण ख्रिश्चन, पण घरात आपल्यासारखीच मराठी बोलणारी, नवरा गेलेली, जिभेची तिखट आणि मनानं सरळ. तिची माझ्या काकीशी पहिल्याच आठवड्यात गट्टी जमली.

मरोळला आल्यावर काकी बदलली. ह्याला कारण विमानं. परदेशातून येणारी विमानं आमच्या कौलांवरून उतरायची, इतकी खाली, की पोटाखालची चाकं दिसायची. काकी आणि घरमालकीण संध्याकाळी पायरीवर बसायच्या. उन्हाळ्यात अंगणात मिरच्या भाजलेल्या असायच्या, घरमालकिणीच्या वर्षाच्या मसाल्यासाठी, आणि त्या वासानं सगळं गावठाण शिंकत असायचं. चर्चची घंटा व्हायची, तिकडे कारखान्याचा भोंगा व्हायचा, आणि मधल्या शांततेत आकाशातून ती घरघर सुरू व्हायची. दोघी माना वर करायच्या. घरमालकीण महाबिलंदर. "हा लंडनचा," म्हणायची. "हा अरबाचा." तिला काय कळतंय डोंबल. पण मधूनच एखाद्या विमानाला ती म्हणायची, "हा बघ, इटलीचा." काकी मग ते विमान चिंचेच्या झाडामागे उतरेपर्यंत डोळ्यांनी पोचवायची आणि नंतर पदर सारखा करायची. आजही डोळे मिटले की मला आधी त्या दोघींच्या वर केलेल्या माना दिसतात, आणि वेळ कुठची आहे तेच कळेनासं होतं. ती एकच संध्याकाळ होती की सगळ्या संध्याकाळी मिसळून गेल्या आहेत, देव जाणे.

तिनं मनात एक इटली रचली होती. डोंगर आपल्यासारखेच, फक्त झाडी कमी. उतारावर द्राक्षाचे मांडव, खाली नदी. एक दगडी घर, त्यात चूल पेटलेली. काका ओसरीवर बसलेले, डोक्याला मार लागल्यामुळे मागचं काही आठवत नाही, पण तब्येत बरी. आणि त्यांना एक गोरी बायको.

"गोरी बायको?" मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा उडालेच. "तुला काहीच वाटत नाही?"

"तेंका जेवूक कोण घालतला मग?" ती म्हणाली.

मी म्हटलं, मी असते तर त्या गोरीच्या झिंज्या उपटल्या असत्या. काकी हसली. म्हणाली की ती बाई भली आहे, तिला मासे करता येत नाहीत, पण भली आहे. हे ती इतक्या सहज सांगायची, की मलाही ती गोरी दिसायला लागली होती, डोक्याला रुमाल बांधलेली, चुलीपुढे बसलेली. साकीनाक्याला दिवसभर तारा जोडून डोळे शिणले, की बसमध्ये मीही त्या दगडी घरात जाऊन यायचे. कुणाला सांगितलं नाही कधी. हसले असते.

पितृपक्षात आमच्याकडे गेलेल्या माणसांच्या नावानं पान वाढतात. त्याला आम्ही म्हाळ म्हणतो. आजोबांचं पान, आजीचं पान. काकांचं पान कधी वाढलं नाही. बाबा दरवर्षी विचारायचे, काकी दरवर्षी मान हलवायची. गावात मात्र ह्यावरून कुजबुज होती. माणसाचा बारा वर्षं पत्ता लागला नाही, तर दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, असा रिवाज. तो आम्ही केला नाही, म्हणून थोरल्याचा जीव घरात अडून बसलाय, असं गावचे जाणते म्हणायचे. मग काय, जे बिनसेल त्याचं खापर काकांवर. विहीर आटली, काकांमुळे. मुंबईतली गिरणी बंद पडली, तीही काकांमुळे. आणि माझं लग्न जमत नव्हतं, ते तर काकांमुळेच. माझ्या लग्नाचा आणि इटलीचा संबंध काय, असं मी ओरडून विचारलं की आई म्हणायची, "तू आधी आवाज कमी कर. त्यामुळेपण जमत नाही."

मग बोरिवलीचं स्थळ आलं. मुलगा छापखान्यात होता, बोटांना शाई. पोहे खाताना त्यानं मला विचारलं, "सोल्डरिंग करता येतं तुला? मला शिकव ना, यार." सगळ्यांसमोर यार म्हणाला आणि स्वतःच लाजला. मला आवडला. खोटं कशाला बोलू, झकास वाटला. आठवडाभर मी कारखान्यात गाणी गुणगुणत होते. त्यानंतर त्याच्या आईचा निरोप आला. मुलगी पसंत आहे. पण गावाकडून कळलंय, तुमच्या थोरल्याचं काही केलेलं नाही. आधी ते उरका, तुमच्या वहिनीला कुंकू उतरवू दे, मग बोलू.

बाबा खाली बघत बसले. ते वहिनीला हे कधी बोलले नसते, आणि मुलीला नकार सांगणंही त्यांना जमत नव्हतं. मी म्हटलं, "गेला उडत," आणि मागच्या दारी भांडी घासायला बसले. कढई घासता घासता रडू आलं. काकी केव्हा येऊन उभी राहिली कळलंच नाही. तिनं माझ्या हातातून कढई घेतली आणि स्वतः घासायला लागली.

"आवडलेलो तुका?"

"नाय."

"खोटा बोलतस."

मी म्हटलं, तू जर त्या बाईच्या सांगण्यावरून कुंकू पुसलंस, तर मी जन्मात लग्न करणार नाही, लिहून ठेव. तिनं कढई लख्ख केली. मला वाटलं, विषय संपला.

त्याच सुमाराला बाबांच्या कारखान्यावर एक सुरक्षा अधिकारी आले. निवृत्त सुभेदार, साताऱ्याकडचे. बोलता बोलता बाबांनी त्यांना सांगितलं, की माझ्या दादाला इटलीत पदक मिळालंय. सुभेदार उभेच राहिले म्हणे. आपल्या राज्यातल्या ज्यांनी परमुलखातल्या लढायांत मर्दुमकी गाजवली, त्यांचा आणि त्यांच्या घरच्यांचा सत्कार काही माजी सैनिक मिळून करणार होते. महाराष्ट्र दिनाला, अंधेरीत, एका शाळेच्या सभागृहात. सुभेदार एका दुपारी पदक बघायला आणि माहिती घ्यायला घरी आले. बाबा ड्युटीवर, मी कामावर, आई रेशनच्या दुकानात. काकी एकटीच होती. तिनं चहा केला. त्यांनी पदक कपाळाला लावलं, उलटसुलट केलं, पण अक्षरं होती कुठे? मग त्यांनी विचारलं, "त्यांचं नाव काय?"

आता आली पंचाईत. आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव घेते ती उखाण्यात, यमक जुळवून, चार बायांच्या आग्रहानं. नुसतं, उघडं नाव घ्यायचं नाही. नवरा वारल्यावर सरकारदरबारी घ्यावं लागतं तेव्हाच ते उघडं होतं. काकीनं तर कधी तसंही घेतलं नव्हतं. त्यामुळे तिनं, अशा वेळी आमच्या बाया करतात तसंच केलं, खूण सांगितली. "आमच्या गावच्या देवाचा नाव." सुभेदारांनी गाव विचारलं, तालुका विचारला, समजल्यासारखी मान हलवली आणि चहा संपवून गेले. कोकणात दर कोसाला देव वेगळा. सुभेदारांना त्या तालुक्यातला एकच ठाऊक होता, जत्रेमुळे. तो शेजारच्या गावचा. रात्री बाबांनी विचारलं, "वहिनी, नाव सांगितलंस ना?" ती म्हणाली, "सांगितलंय मां."

मला वाटलं होतं ती जाणार नाही. निमंत्रणावर 'वीरपत्नी' असं छापलं होतं. तिनं मला अर्थ विचारला. मी म्हटलं, वीराची बायको.

"बायकोच म्हटलाहा मां?"

"हो."

"मग जाऊया."

सभागृहात पंखे फिरत होते आणि त्यांच्याखाली म्हातारे सैनिक बसले होते. इतके म्हातारे वीर मी एकत्र कधी बघितले नव्हते. कुणी फेटा बांधलेला, कुणाच्या डोक्यावर टोपी, बुशशर्टवर पदकं टाचलेली. एकानं आफ्रिकेच्या वाळवंटात रणगाडा अडवला होता, एक ब्रह्मदेशच्या जंगलातून एकटा परत आला होता. नाव पुकारलं की नातू त्यांना दंडाला धरून वर नेत होता. एक तर खुर्चीत झोपले होते, त्यांची पदकं श्वासाबरोबर वरखाली होत होती. मला सगळं पाण्याखाली चालल्यासारखं वाटत होतं, सावकाश, आवाज लांबून येणारे. हे सगळे कुठेकुठे जाऊन आले, आणि आता अंधेरीत बसून लिंबू सरबत पिताहेत. ह्यांच्यातच एका खुर्चीवर काकाही बसले असते. मी खरोखर एक रिकामी खुर्ची शोधत होते.

मग माझी नजर स्टेजच्या कोपऱ्यात गेली आणि डोकं फिरलं. तिथे दोन मुली दोन ताटं घेऊन उभ्या होत्या. एका ताटात हळदकुंकू आणि खण, ज्यांचे नवरे हयात त्या बायांसाठी. दुसऱ्यात नुसती शाल आणि नारळ. म्हणजे इथेपण तेच. वीरपत्नी म्हणायचं आणि ताटं वेगळी करायची. मी बाबांना म्हटलं, चला उठा, आपण घरी जाऊ. बाबा म्हणाले, "गप्प बस गं जरा."

तेवढ्यात सुभेदारांनी माइकवरून इटलीचं नाव घेतलं. नदी, गोळ्या, जखमी साथीदार, सगळं छान सांगितलं. आणि शेवटी त्या वीराचं नाव पुकारलं, ते भलतंच.

काकी जागची हलली नाही. "हे आमचे न्हयत," एवढंच म्हणाली. सुभेदारांनी पुन्हा पुकारलं. बाबा चुळबुळले, "थांब, मी सांगून येतो," म्हणून उठायला लागले. काकीनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना खाली बसवलं, जसं लहानपणी बसवलं असेल तसं, आणि स्वतः उठली. हात धरायला मी पुढे झाले तर मलाही नको म्हणाली. एकेक पायरी चढून ती वर गेली.

"नाव चुकला," ती सुभेदारांना म्हणाली. माइक समोरच होता, सगळ्यांना ऐकू आलं. सुभेदार ओशाळले. "माफ करा, आई. तुम्हीच सांगा." आणि त्यांनी माइक तिच्याकडे वळवला.

सभागृहातल्या बायकांनी तिचं कुंकू बघितलं आणि ताडलं, ही नवऱ्याचं नाव घ्यायला लाजतेय. "उखाण्यात घ्या, काकी," एक जण म्हणाली. हशा पिकला, चांगला, मायेचा. आणखी दोघी-तिघी म्हणाल्या, घ्या, घ्या. मीही हसले. काकी म्हणजे उखाण्यांची खाण. किती नव्या नवरींना तिनं उखाणे शिकवले होते, आणि स्वतःचा घ्यायची वेळ तिच्यावर कधी आलीच नव्हती. मी खुर्चीच्या टोकाला सरकून बसले. मला वाटलं, घे, अशी घे की बोरिवलीपर्यंत ऐकू जाऊ दे.

तिनं पदर सारखा केला. पंख्यांचा आवाज येत होता. मग तिनं नाव घेतलं. नुसतं. पुढे यमक नाही, मागे 'राव' नाही. त्यांचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव, आडनाव, गाव, तालुका. हजेरी देतात तसं, स्पष्ट. तोवर मीही ते कधी ऐकलं नव्हतं, बाबा नेहमी 'दादा'च म्हणायचे. ते नाव मी इथे लिहिणार नाही. त्यानंतर ती म्हणाली, "इटलीत वारले."

टाळ्या झाल्या. लोकांना काय कळणार, त्यांच्या दृष्टीनं एका म्हातारीनं नाव दुरुस्त केलं होतं. माझे हात मांडीवर तसेच पडून राहिले. शेजारी बाबांनी टोपी काढली आणि तोंडावर धरली. "दादा गेलो गो," ते मला म्हणाले. मुंबईत इतकी वर्षं काढलेला माणूस, घरात शहरी बोलणारा, एकदम गावच्या बोलीत रडायला लागला. तार आत्ताच आल्यासारखा.

वर स्टेजवर कुंकवाचं ताट घेतलेली मुलगी काकीचं कपाळ बघून निघाली होती, ती 'वारले' ऐकून अर्ध्यावरच थांबली. पुढे जावं की मागे, तिला कळेना. ती सुभेदारांकडे बघायला लागली. दुसरीनं शाल पुढे केली. काकीनं शालीला हात लावला नाही. ती कुंकवाच्या ताटाकडे वळली आणि त्या मुलीला म्हणाली, "माका नको बाय. माझा चेडू खाली बसलाहा, तेका लाव. तेचा लगीन ठरताहा."

चेडू म्हणजे लेक. ती मला कधी तसं म्हणाली नव्हती.

मुलगी ताट घेऊन पायऱ्या उतरली आणि रांगांतून वाट काढत माझ्यापर्यंत आली. सगळं सभागृह माना वळवून बघत होतं. मला इतका राग आला होता, की ते ताट उडवून द्यावंसं वाटलं. त्या बोरिवलीवालीचा राग, गावाचा राग, काकीचा तर सगळ्यात जास्त. मला विचारलं का तिनं? नको म्हणून सांगायला मी तोंड उघडलं आणि वर बघितलं. ती स्टेजवर तशीच उभी होती. दुसरी मुलगी शाल उघडून धरून थांबली होती, सुभेदार थांबले होते, आणि काकी फक्त माझ्याकडे बघत होती. मला कुंकू लागल्याशिवाय ती शाल अंगावर घेणार नव्हती.

मी कपाळ पुढे केलं.